थांबलेला वाटसरू

“मग तो थांबला कशापायी?” अच्युतबुवांनी शर्वाणीला विचारलं.

मठाच्या ओसरीवर तांदूळ पसरून मी खडे वेचत होते. लेकीचा वाटसरू मंगळावर सुखरूप उतरला, तर भंडाऱ्याचे तांदूळ एकटीनं निवडीन, असा नवस बोलले होते मी. देवानं ऐकलं. सहा चाकांचं ते यंत्र तिथल्या लाल मातीवर उभं राहिलं, आणि ते चालवणाऱ्यांत माझी शर्वाणी पुढे. गावात सांगायचं एकही घर मी सोडलं नाही.

शर्वाणी बुवांच्या हाताखालीच वाढली. पंगतीत वाढायचं कसं, पाय जपून टाकायचा कसा, सगळं त्यांनीच शिकवलं. आज मात्र ती आली ती फणफणतच.

तिनं सांगितलं ते असं. इथून पाठवलेला हुकूम मंगळावर पोचायला वेळ लागतो. म्हणून वाटेत धोका वाटला, तर आपलं आपण थांबायचं, हे तिनंच वाटसरूच्या डोक्यात घातलेलं. परवा त्याला समोरची टेकडी गाठायला सांगितलं, तर हा मध्येच उभा. फोटोत बघावं तर सपाट वाळू. सोबतचे लोक हसले. म्हणाले, तुझं लेकरू तुलाच जुमानत नाही, आईला आणखी एक नवस बोलायला सांग.

आता त्याचं ते थांबणंच बंद करून, काही न बघता पुढे चल, असा हुकूम दुपारी जायचा होता. वाळू पक्की निघाली तर टेकडी हाती लागणार. मऊ निघाली तर चाकं रुतणार, आणि तिथं धक्का द्यायला कोण जाणार? शेवटचा शब्द शर्वाणीचा होता.

“यंत्रानं मला शहाणपण शिकवावं, बुवा? हुकूम माझाच चालणार. तुम्ही फक्त आशीर्वाद द्या.”

“देतो की. ये इकडे.”

ती वळसा घालून निघाली.

“तशी नको. सरळ ये. तांदळावरून.”

माझा हात सुपातच राहिला.

शर्वाणीनं माझ्याकडे पाहिलं, मग बुवांकडे. बुवा हसत नव्हते. तिनं पाय उचलला. तो तसाच अधांतरी राहिला… आणि मागे आला.

“का गं?”

“अन्न आहे ते.”

“मी सांगतोय ना.”

“तुम्ही सांगितलंत तरी नाही.”

“माझ्या शब्दाबाहेर जातेस?”

“पण तुम्हीच तर शिकव…”

अंगणातल्या दोन चिमण्या तांदळात उतरल्या. मी हाकलल्या नाहीत.

शर्वाणी तिथंच खाली बसली. मग तिनं फोन काढला आणि ऑफिसात कळवलं, की दुपारचा हुकूम पाठवू नका, वाटसरू उभा आहे तिथंच उभा राहू दे, त्याला काय दिसलं ते आधी नीट बघू. पलीकडून कुणीतरी चेष्टा केली असावी.

“हो,” ती म्हणाली, “नाहीच ऐकलं त्यानं माझं.”

आणि हे सांगताना तिची मान अशी ताठ झाली, की मला माझीच लेक नव्यानं दिसली.

बुवा उठले. गुडघे धरत, तांदळाला लांबून वळसा घालत तिच्यापाशी आले. उपरणं सारखं केलं. मग वाकून तिला हात जोडले.

शर्वाणी गडबडून मागे सरकली.

“बुवा, हे काय? मी तुमची शिष्या… तुमच्या हातची.”

“म्हणूनच.”

बुवांनी वाटसरूचा फोटो मागितला. फोनवर लाल माळ होता, त्यावर वाटसरूची लांब सावली, आणि पुढे चाक न उमटलेली वाळू. बुवांनी बराच वेळ पाहिलं. मग फोन पाटावर, तिच्यासमोर ठेवला.

“मी माझ्या शिष्येला नमस्कार केला,” बुवा म्हणाले. “आता तू तुझ्याला कर.”