भित्रीची साक्ष

एकदा, फार फार जुन्या काळी, चहूबाजूंनी डोंगर असलेलं एक खोरं होतं. तिथे राजा नव्हता, आणि राजावाचून त्या लोकांचं काही अडतही नव्हतं. भांडणं थोरांनी मिटवायची, बंधारे सगळ्यांनी मिळून घालायचे, आणि कोणाच्या लग्नात कोण रुसलं होतं हे सगळ्यांनी लक्षात ठेवायचं, असा तिथला कारभार होता.

संकट आलं तरच हे लोक एक राखणदार निवडत. त्याच्या हाती सागाची उंच काठी देत. काठी हाती असेतो त्याचा शब्द मोडायचा नाही. तो म्हणेल तो माणूस पहाऱ्याला जाणार, तो म्हणेल त्या घरचं धान्य पहारेकऱ्यांकडे येणार.

काठी देणं सोपं असतं. ती परत कशी घ्यायची, हा खरा पेच. खोऱ्यातल्या पूर्वजांनी त्याचाही विचार करून ठेवला होता. संकट टळलं का, हे राखणदाराला विचारलं तर तो 'अजून नाही' म्हणणार. शूर माणसाला विचारलं तर तो संकट दारात असताना 'टळलं' म्हणणार. म्हणून त्यांनी रीत घातली की दर सुगीनंतर खळ्यावर सगळ्यांनी जमायचं, आणि खोऱ्यातल्या सगळ्यांत भित्र्या माणसाला विचारायचं. त्याच्या मुठीत बियाण्याचे दाणे द्यायचे आणि एकच प्रश्न करायचा, "झोप लागते का?" लागते म्हणाला तर काठी खाली. नाही म्हणाला तर आणखी एक वर्ष. बियाणं मुठीत धरून खोटं बोललं तर ते उगवत नाही अशी समजूत होती, आणि बियाण्याशी खेळ कुणी करत नसे.

त्या काळी खोऱ्यात सगळ्यांत भित्रं माणूस कोण, याबद्दल वाद नव्हता. ती एक तरुण मुलगी होती. आईबाप गेलेले, थोरल्या भावाबरोबर ओढ्याकाठच्या घरात राहायची. तिचं खरं नाव लोक विसरून गेले होते. सगळे तिला हरणी म्हणत. तवा पडला की ती दचके. मागून हाक आली की दचके. एकदा तर स्वतःच्याच शिंकेला दचकली होती, आणि ही हकिगत तिचा भाऊ येईल त्या पाहुण्याला सांगे.

"दादा, पुरे झालं," ती म्हणे.

"पुरे काय? मान आहे तुझा खोऱ्यात. तू झोपलीस म्हणजे जग झोपलं."

एका वर्षी खिंडीतून दरोडेखोर उतरले. गुरं नेली, कडब्याच्या गंज्या पेटवल्या. लोकांनी घाईघाईनं राखणदार निवडला. निवड चांगली होती, हे सांगितलंच पाहिजे. तो बंधारे बांधणारा माणूस होता, हळू बोलायचा, पंगतीत शेवटी बसायचा. सगळा हिवाळा तो खिंडीत शिळी भाकरी खाऊन राहिला. खांद्यावर वार झेलला. दरोडेखोरांनी असा काही मार खाल्ला की ते पुन्हा त्या वाटेला फिरकले नाहीत.

सुगी झाली. खळ्यावर हरणीला विचारलं. "नाही लागत," ती म्हणाली, आणि ते खरं होतं. पेटलेल्या गंज्या अजून तिच्या डोळ्यांपुढे होत्या. लोकांनी मान डोलावली. राखणदारही म्हणाला, "खरं बोलली पोरगी. राहू दे आणखी एक वर्ष."

त्या एका वर्षात कुणाला दिसलं नाही असं काहीतरी घडलं. राखणदार पारावर आला की बसलेली माणसं उठून उभी राहू लागली. नव्या गुळाची पहिली ढेप त्याच्या घरी जाऊ लागली. दोघं भांडत असले आणि तो नुसता खाकरला तरी भांडण थांबे. पंगतीत त्याला कुणी शेवटी बसू देईना, आणि मग त्यालाही शेवटी बसवेना. सवय लागते तेव्हा तिचा आवाज होत नाही. दुसरी सुगी जवळ आली तसं त्याच्या मनात येऊ लागलं, की उद्या ही पोर 'लागते' म्हणाली तर परवा आपण पुन्हा घोटाभर चिखलात उभे.

त्याच सुमाराला हरणीच्या घरावर रात्री-अपरात्री दगड पडू लागले.

दुसऱ्या सुगीला ती म्हणाली, "नाही लागत." तिसऱ्या सुगीलाही तेच म्हणाली. राखणदारानं तिच्या दाराशी एक पहारेकरी बसवला. त्याला जुनाट खोकला होता. आता ती दगडांना दचके आणि खोकल्यालाही दचके. राखणदार स्वतः लुगडं घेऊन तिच्या घरी आला.

"हे कशाला आणलंत?" ती म्हणाली.

"घे, लेकी. तू आहेस म्हणून खोरं सावध आहे. तुझ्यासारखं निर्मळ मन कुणाचं नाही. तुला भीती वाटली, तर ती लपवायची नाही बरं. मी आहे ना."

तो मायेनं बोलला. ती माया अगदीच खोटी होती असंही नाही. आपण नसलो तर हे खोरं एका दिवसात मोडेल, असं त्याला आता मनापासून वाटत होतं.

मग टेकडीवर त्याचं दगडी घर उठू लागलं. 'वरून खिंड दिसते,' असं कारण होतं. प्रत्येक घरचा एक गडी धोंडे फोडायला जाऊ लागला. पहारेकऱ्यांचं धान्य वाढलं, कारण पहारेकरी वाढले. दरोडेखोर डोंगरापलीकडे दबा धरून आहेत असं दर महिन्याला दवंडीवाला सांगे, आणि कुठल्या डोंगरापलीकडे असं विचारणाऱ्याकडे लोक वळून पाहत.

हरणीचा भाऊ बोलका होता. एके दिवशी पारावर तो म्हणाला, "मी सरपणाला खिंडीपर्यंत जाऊन येतो. तिथे वानरं आहेत. त्यांच्यात एक म्हातारा हुप्प्या आहे, उंच फांदीवर बसून सगळ्यांवर गुरगुरतो. दरोडेखोर म्हणजे तोच असला तर माहीत नाही."

माणसं हसली. नंतर हसल्याचं लक्षात येऊन गप्प झाली. दुसऱ्या दिवशी त्याला टेकडीवर नेलं आणि पायात साखळदंड घालून धोंडे फोडायला लावलं. "संकट टळेपर्यंत त्याला मोकळा ठेवता येणार नाही," राखणदार हरणीला म्हणाला. "संकट टळलं की मीच आणून सोडतो. आता ते तुझ्याच हातात आहे बघ."

तेव्हापासून हरणीला उरलीसुरली झोपही लागेना. आणि झोप लागली नाही तर दादा सुटणार नव्हता.

सुगी तोंडावर आली असताना एका दुपारी ती धुणं घेऊन ओढ्यावर गेली. तिच्या दाराशी बसणारा तो खोकणारा पहारेकरी गुडघाभर पाण्यात उकिडवा बसला होता. एकेक खडा उचलायचा, तळहातावर तोलायचा, मोठा असला तर टाकून द्यायचा, लहान असला तर उपरण्यात बांधायचा.

"काका, हे खडे कशाला?"

तो दचकला. आपल्याला पाहून कुणी दचकावं, हे हरणीनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

"घोरपडी हाकायला," तो म्हणाला. मग तिच्या तोंडाकडे पाहून तो मऊ पडला. "लहान बघून घेतो गं मी. मला मोठे टाकायला सांगितलेत. मोठ्यानं कौल फुटतं. मग गळायला लागलं की तुला कोण शाकारून देणार? म्हणून लहान."

ती धुण्याच्या दगडावर बसून राहिली. "तुम्ही?"

"पहिल्यापासून मीच. दुसऱ्या कुणी टाकले असते तर छप्पर राहिलं नसतं तुझं." आपले आभार मानले जातील अशी त्याला थोडी आशा असावी.

"आणि नाही टाकले तर?"

"माझा लेक वर धोंडे फोडतो. तुझ्या भावाच्या शेजारीच. दोघांचं जमतं म्हणे."

"तुम्ही राखणदाराला भिता, काका?"

"मी? मी कुणाला भीत नाही," तो म्हणाला. "हळू बोल जरा."

हरणी धुणं न धुताच घरी आली. दरोडेखोर नाहीत, आणि दगड टाकणारा कोण तेही कळलं. आता तरी भीती जायला हवी होती. पण भीती गेली नाही, त्या भीतीनं फक्त घर बदललं, आता ती राखणदाराची होती. हरणीला वाटलं, खळ्यावर सगळं सांगून टाकावं. मग काकांचं आणि त्यांच्या लेकाचं काय होईल, या विचारानं ती गार झाली. वाटलं, 'झोप लागते' असं म्हणून मोकळं व्हावं. पण मुठीत बियाणं असताना खोटं बोलायचं, आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहून ते पटणार तरी कुणाला? आणि खरं सांगावं, तर दादाला आणखी एक वर्ष. ती चुलीपुढे बसून राहिली. भात करपला, त्या वासानंही ती दचकली.

खळ्याचा दिवस आला. सगळं खोरं जमलं होतं. मधे तिवड्याच्या खांबाशी राखणदार काठी घेऊन उभा होता, मागे पहारेकरी. प्रश्न विचारायचा मान खोऱ्यातल्या सगळ्यांत वृद्ध बाईचा, तिला सगळे थोरली आजी म्हणत. आजीनं हरणीच्या मुठीत दाणे दिले.

"सांग बाई, झोप लागते का?"

हरणीनं तोंड उघडलं, पण शब्द येईना. मुठीतून एकेक दाणा खाली पडू लागला.

"अगं, सांडतंय बियाणं," आजी पुटपुटली. "सावकाश सांग, मला कुठे जायचंय?"

मग राखणदार पुढे आला. "पोर घाबरलीय," तो हळुवारपणे म्हणाला. "भिऊ नकोस, लेकी." आणि तिच्या डोक्यावर ठेवावा म्हणून त्यानं हात उचलला.

हरणी मागे सरकली आणि तिचा हात आपोआप तोंडापुढे आडवा आला, जसा मार चुकवताना येतो.

राखणदार हसला. उचललेला हात तसाच ठेवून तो लोकांकडे वळला. "बघा, काय दशा झाली आहे पोरीची. आणि तुम्ही म्हणता संकट टळलं."

त्याचा हात ज्या बाजूला वळला, त्या बाजूची पहिली रांग खाली वाकली. लोहार वाकला, ज्यानं खिंडीत दरोडेखोराला नुसत्या हातांनी धरलं होतं. त्याच्या मागची रांग वाकली. बायकांनी लेकरांची डोकी पदराखाली ओढली. पहारेकऱ्यांच्या रांगेत त्या खोकणाऱ्या काकांनी दोन्ही हात कानांवर घेतले. कुणी ठरवून केलं नव्हतं. गवतावरून वारा जावा तसं ते सगळ्या खळ्यावरून गेलं.

मग माणसं सरळ झाली आणि त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रत्येकाला आजवर वाटत होतं की वाकणारे आपण एकटेच.

आजीचा हात तिच्या स्वतःच्याच डोक्यावर होता. तिनं तो खाली घेतला आणि जरा वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

"मीही वाकले की रे," ती म्हणाली. "या वयात. इतकी वर्षं मी हिला झोप लागते का एवढंच विचारत आले. कुणाला भिऊन जागी असतेस, हे एकदाही विचारलं नाही." तिनं हरणीकडे पाहिलं. "आता नको सांगूस. सगळ्यांनीच सांगितलं."

मग आजीनं हात पुढे केला. "काठी दे, बाबा."

"आजी, दरोडेखोर—"

"ते आले तर तुला बोलावू. चांगला लढतोस तू. काठी दे."

राखणदारानं मागे पाहिलं. पहारेकरी जमिनीकडे बघत होते. त्यानं काठी वर उचलली, ती देण्यासाठी होती की मारण्यासाठी, हे त्यालाही ठाऊक नसावं. खळं पुन्हा दचकलं. पण या वेळी जागचं कुणी हललं नाही. हरणीही हलली नाही. तिचे डोळे घट्ट मिटलेले होते, आणि पाय होते तिथेच होते.

काठी बराच वेळ वर राहिली. मग हात दुखू लागला असावा, ती खाली आली, आणि आजीनं ती काढून घेतली.

संध्याकाळच्या आत टेकडीवरची माणसं सुटली. हरणीचा भाऊ लंगडत घरी आला आणि म्हणाला, "मला भूक लागलीय, आणि म्हातारा हुप्प्या कुठे गेला ते कुणी सांगेल का?" हरणी हसली आणि मग रडत बसली.

राखणदाराला कुणी मारलं नाही, हाकललंही नाही. त्याच्या टेकडीवरच्या घराचं दार खोऱ्यातलं सगळ्यांत जाड होतं. तो ते आतून अडसर घालून बंद करी आणि सारी रात्र पावलांची चाहूल घेत जागा राही. वर कुणीच जात नसे.

पुढे हरणी शूर झाली असं काही झालं नाही. भांडं पडलं की ती दचकायचीच. पण त्या खोऱ्यात रीत तेवढी बदलली. सुगीनंतर खळ्यावर एक नाही, दोन प्रश्न विचारू लागले, आणि दुसरा प्रश्न विचारताना राखणदारानं तिथे उभं राहायचं नाही, असं ठरलं.

बोध असा, की आपण कुणाला भितो हे न विचारता जी माणसं राखणदाराच्या हाती काठी ठेवतात, ती शेवटी आपल्या भीतीलाच राज्य देऊन बसतात.