पुसलेली नळी

“अजून काय हवंय तुम्हाला?”

सुभानजीने फळी फकिराच्या पुढ्यात आदळली. चिंचेखाली अंथरलेल्या वाकळेवर धूळ उडाली. बुऱ्हाणबाबा माळ ओढत बसला होता, तो ओढतच राहिला.

चुना फासलेल्या फळीवर मधोमध कोळशाचा ठिपका होता आणि ठिपक्याला चिकटून गोळ्यांची पाच छिद्रं. पाचही एका तळहाताखाली झाकतील इतकी जवळ.

“ऐंशी पावलांवरून,” सुभानजी म्हणाला. “गडावर आजवर कुणाला जमलं असेल तर नाव सांगा.”

बाबाने माळेचा आणखी एक मणी ओढला.

हा बाबा एके काळी गडाच्या बंदूकखान्याचा उस्ताद. सोळा वर्षांपूर्वी एक दिवस कमरेचा पट्टा सोडून ठेवला आणि गडाखाली येऊन फकीर झाला. का, ते कुणाला बोलला नाही. तरी बंदुकीच्या दारूच्या मापावर त्याचा शिक्का उमटल्याशिवाय किल्लेदार ते माप शिपायांच्या हाती देत नसे. सुभानजीच्या तळपायाची आग मस्तकात जायची ती इथेच. बारा दिवस चांदमारीवर उन्हात भाजून घ्यायचं आपण, आणि मान डोलवायची सावलीत बसलेल्या म्हाताऱ्याने.

काम म्हणजे काही पोरखेळ नव्हता. गडावर आटे पाडलेल्या नळीच्या चाळीस नव्या बंदुका आल्या होत्या. त्यांना दारू किती घालावी, कुणालाच ठाऊक नव्हतं. सुभानजीने शिंगाचं माप केलं. ते आतून रवाभर कोरायचं, तेवढी दारू भरून पाच गोळ्या मारायच्या, बंदूक वाळूच्या पोत्यावर टेकवून, श्वास धरून. मग फळीची छिद्रं मातीने बुजवायची, वरून चुना, नळी स्वच्छ पुसायची, आणि पुन्हा शिंग कोरायला बसायचं. असं करत करत काल हे माप सापडलं होतं.

परवा ते चाळीस जण लमाणांच्या तांड्याला सोबत म्हणून घाटात उतरणार होते. घाटातल्या घोडेस्वारांनी आधीचे दोन तांडे कापून काढले होते. आणि चाळिसांचा जमादार कोण? तर ज्याच्या मापावर शिक्का, तो. सुभानजीने घरी सांगूनही टाकलं होतं.

“शिक्का द्या, उस्ताद. किल्लेदार खोळंबलेत.”

बाबाने माळ खाली ठेवली. फळी मांडीवर घेतली आणि चुन्यावरून अंगठा फिरवत गेला. वरच्या कोपऱ्याजवळ अंगठा थांबला. दाबला. ओल्या मातीची गोळी पलीकडे पडली आणि छिद्रातून उजेड आला.

खाली डावीकडे आणखी एक.

उजव्या कडेला तिसरं…

“ही कुठल्या मापाची?”

सुभानजीची कानशिलं तापली. “याच मापाची. एक कालची, दोन आजच्या.”

“मग बुजवलीस का?”

“पहिल्या गोळ्या आहेत त्या. नळी पुसली की पहिली गोळी कुठंही जाते. दुसरीपासून नळी वळणावर येते. पहिली कुणी धरत नाही, पाच मोजतात त्या तिच्यानंतरच्या. चांदमारीचा रिवाज आहे तो.”

“कुणी घातला?”

आता मात्र सुभानजीचा तोल सुटला. “तुम्हीच. तुम्हीच घातलात, आणि आता आम्हालाच चोर ठरवता? तुमच्या काळी चालत होतं ते माझ्या वेळेला चालत नाही, का? सरळ सांगा ना, दुसऱ्याचं नाव झालेलं बघवत नाही.”

बाबाने फळी मांडीवरून खाली ठेवली.

“हो,” तो म्हणाला. “मीच घातला. म्हणून तर फकीर झालो.”

…

मग तो उठला. फळी काखेत मारली आणि चांदमारीच्या बांधाकडे चालू लागला. सुभानजी बंदूक उचलून पाय आपटत मागोमाग गेला. बाबाने फळी बांधाला टेकवली आणि तिच्याकडे पाठ करून मांडी घालून बसला. कोळशाचा ठिपका त्याच्या उजव्या कानापासून चार बोटांवर आला.

“जा. ऐंशी पावलं मोज. ठिपका उडव.”

“उस्ताद, थट्टा पुरे.”

“तुझ्या पाच गोळ्या एका तळव्याखाली आहेत. मला चार बोटं पुरतात. जा.”

रागाच्या भरात सुभानजीने पावलं मोजली. रागातच दारू मापून नळीत ओतली. चिंधीत गुंडाळलेली गोळी गजाने ठोकत खाली बसवली. या नळीत गोळी आट्यांना घासत उतरे. एकदा भरायची म्हणजे शंभर आकडे मोजून व्हावेत. त्याने तोड्याची वात पेटवली, पोत्यावर बंदूक टेकवली. मरायचीच हौस असेल म्हाताऱ्याला तर मरू दे, असं त्याच्या मनात आलं. खरोखरच आलं.

डोळा नळीला लागला. पलीकडे ठिपका होता. ठिपक्याशेजारी पांढरी दाढी होती.

तोडा धुमसत राहिला.

“उस्ताद, उठा.”

“का?” बाबाने तिथूनच विचारलं.

“नळी पुसलेली आहे.”

“मग?”

सुभानजी काहीतरी पुटपुटला.

“ऐकू येत नाही, सुभानजी. मोठ्याने बोल.”

“पहिली गोळी आहे,” सुभानजी ओरडला. “पहिली गोळी आहे ही, उस्ताद. मला नाही माहीत ती कुठं जाईल.”

बाबा उठला नाही. सुभानजीने तोडा मातीत दाबून विझवला. हाताला चटका बसला, तेही त्याला कळलं नाही. बंदूक खाली ठेवून तो त्या पोत्यावरच बसला.

बऱ्याच वेळाने बाबा चालत आला आणि त्याच्या शेजारी टेकला.

“चाळिसांत तुझा भाऊ आहे ना?”

“आहे. धाकटा.”

“त्याची नळी कोण पुसतं?”

“मीच.” सुभानजीने खाली मान घातली. “सगळ्यांच्याच मी पुसून घेतो. रोज सकाळी.”

बाबाने शिंगाचं माप उचललं, उन्हात धरून आतून पाहिलं आणि शिक्का न मारता सुभानजीच्या हातात परत दिलं.

“किल्लेदारांना सांगतो,” सुभानजी म्हणाला. “तांडा थांबवा म्हणतो. माप तयार नाही.”

“जमादारी जाईल.”

“जाऊ दे.”

“मग ऊठ. पहिली मार. नळी पूस, गार होऊ दे. मग परत पहिलीच मार.”

“किती दिवस?”

“त्या सगळ्या एका तळव्याखाली येईपर्यंत.”

सुभानजीने गज उचलला. दोन पावलं जाऊन तो वळला.

“आणि दुसरी केव्हा मारायची, उस्ताद?”

“घाटात कुणी तुला दुसरी भरू दिली,” बाबा म्हणाला, “तर मला येऊन सांग.”