पाडव्याचं लुगडं

फार जुनी गोष्ट, आजीच्याही आजीच्या काळातली. नदीकाठच्या एका गावात गोंदाजी नावाचा रंगारी राहत होता. त्याच्या निळीची ख्याती अशी, की पंचक्रोशीतल्या नवऱ्या मुली त्याच्याच हातचं निळं लुगडं हवं म्हणून हटून बसायच्या. त्या गावच्या रंगाऱ्यांची एक रीत होती. दिवाळीच्या पाडव्याला रंगाऱ्यानं बायकोचं लुगडं स्वतः रंगवायचं आणि तेच ओवाळणीत घालायचं.

वय झालं तसा गोंदाजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. जग पिवळट, धुरकट दिसू लागलं. पण गडी कबूल करेल तर शपथ! निळा फिका वाटला की तो म्हणायचा, नीळ भेसळीची आहे, नदीचं पाणी बिघडलंय. मग कापड पुन्हा निळीच्या रांजणात, पुन्हा बाहेर, पुन्हा रांजणात. हळूहळू गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. त्याची बायको सारजा मात्र कधी काही बोलली नाही.

शहरातला नेत्रवैद्य मोतीबिंदू काढतो, असं कानावर आलं तशी ती नवऱ्याला तिथं घेऊन गेली. वैद्य सरळ माणूस. त्यानं सांगितलं, की तरुणपणाचे डोळे काही परत येणार नाहीत, शंभरात एखाद्याला गुणही येत नाही. पण बहुतेकांना चांगलं दिसतं. औषध घालावं लागेल, महिनाभर धुरापासून आणि रांजणापासून लांब राहावं लागेल. मग त्यानं आपली बिदागी सांगितली.

गोंदाजी तडक उठला. तेवढे पैसे घरात होते, नाही असं नाही. एका गाडग्यात त्यानं ते आपल्या तेराव्याच्या जेवणासाठी साठवले होते. गाव लाडू खाऊन तृप्त व्हावं, चार लोकांनी नाव घ्यावं, एवढीच त्याची हौस. माझ्या गोवऱ्या मसणात गेल्या, आता डोळ्यांवर कसला खर्च, असं म्हणत तो घरी आला.

सारजानं त्याला जेवायला वाढलं. त्याचा हात भाकरीऐवजी दिव्याकडे गेला. तिनं तो धरून ताटाकडे आणला आणि म्हणाली, "मेल्यावर गावाला जेवू घालायला पैसे आहेत, आणि जिवंतपणी मला बघायला नाहीत?"

  तिसऱ्या दिवशी गोंदाजीनं आपल्या हातानं गाडगं फोडलं.

वैद्यानं मोतीबिंदू काढला, आणि काही दिवसांनी अंगणात बसवून डोळ्यांवरची पट्टी सोडली तेव्हा सकाळ होती. गोंदाजीनं वर पाहिलं. एवढं आभाळ! एवढं निळं! जन्मभर निळीत हात घातलेल्या माणसाला वाटलं, आपण निळा रंग आजच पाहतोय. अंगणातल्या लिंबाचं पान न् पान वेगळं दिसत होतं. त्यातल्या एका पानावर एक मुंगी चालली होती, तीसुद्धा दिसली. तो कितीतरी वेळ त्या मुंगीकडेच बघत राहिला.

मग त्यानं सारजाकडे पाहिलं. तिचे केस पांढरेशुभ्र झाले होते. ते कधी झाले, हे त्याला ठाऊकच नव्हतं. आणि तिच्या अंगावर काळंकुट्ट लुगडं होतं.

"अगं, हे काय नेसलीस? असलं अशुभ काळं?"

"पाडव्याचं आहे. तुम्हीच रंगवलंत, फिकं वाटतंय म्हणत पुन्हा पुन्हा बुडवून."

"अन् तू हे पाडव्याला नेसलीस? ओवाळताना?"

"दरवर्षी नेसते," सारजा म्हणाली. "बायका कुजबुजतात. सवाष्णीनं पाडव्याला काळं नेसू नये ना. पण तुम्ही एवढ्या हौसेनं आणून द्यायचात."

गोंदाजीच्या नव्या डोळ्यांत पाणी आलं. वैद्य ओरडला, रडू नका, डोळ्याला त्रास होईल. पण ऐकतो कोण?

वैद्यानं सांगितलेलं पथ्य पाळून झाल्यावर गोंदाजीनं पहिलं लुगडं रांजणात बुडवलं. वर काढलं तेव्हा ते हिरवट होतं. वारा लागला, आणि सगळं कापड डोळ्यांदेखत निळं होत गेलं. हा चमत्कार त्यानं लहानपणापासून पाहिला होता, पण मोतीबिंदू झाल्यापासून तो त्याला दिसलाच नव्हता. त्यानं कापड पुन्हा बुडवलं नाही. सारजाला हाक मारली, आणि दोघं हात धरून, ते वाळेपर्यंत तिथंच उभी राहिली.

तात्पर्य: इलाजाला काय लागेल ते मोजताना, इलाज न केल्यानं काय जातंय तेही मोजावं, त्याची किंमत बहुधा आपलं माणूस मुकाट्यानं भरत असतं.