गोगलगाईच्या पोटातली पाहुणी

फार पूर्वी तळ्यातले जीव एकमेकांशी बोलत, तेव्हा एक इवलीशी परजीवी अळी गोगलगाईच्या दारी आली. "मावशी, एकटीच आहे गं, अंग टेकायला जागा दे." मावशीने पोटात घेतलं. अळीला जोडीदार लागत नसे. मावशीचं खाऊन ती स्वतःतूनच हुबेहूब स्वतःसारख्या पोरी काढत राहिली.

एके दिवशी मावशी रडवेली झाली. "अगं, माझ्या अंड्यांपुरतीही जागा उरली नाही गं!"

अळीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या भरात ती पोरींवरच खेकसली, "मेल्यांनो, एवढं कोणी खाल्लं?"

प्रत्येक पोर शेजारणीकडे वळून अळीच्याच आवाजात खेकसली, "मेल्यांनो, एवढं कोणी खाल्लं?"

अळीने मान खाली घातली. सगळ्यांनीच घातली. जागेवरून मात्र एकीही हलली नाही.