बेचाळिसावं पान

शाळांचे मेसेज पालकांना पाठवणारं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा तुकडा, पुंडे सरांनी लिहिलं होतं. वापरताना त्याला ओळीनं चार 'हो-नाही' द्यावे लागत. कुठलं कशासाठी, याचा पत्ता नाही. सरांच्या हाताखालच्या हेमांगीकडून त्यातल्या दोहोंची अदलाबदल झाली आणि चाचणीसाठी लिहिलेला 'उद्या सुट्टी' हा मेसेज एका शाळेच्या अकराशे पालकांना खरोखरच गेला. दुसऱ्या दिवशी शाळा ओस पडली.

"मॅन्युअलच्या बेचाळिसाव्या पानावर क्रम दिलाय! लोक वाचत नाहीत, त्याला मी काय करू?" सर कडाडले. "लेखी खुलासा द्या, नाहीतर राजीनामा."

हेमांगीनं खुलासा दिला: 'हो, नाही, नाही, हो.'

"यातलं कुठलं कशाला, मला कसं कळणार?"

"क्रम दिलाय ना सर," ती नम्रपणे म्हणाली, "माझ्या वहीत, बेचाळिसाव्या पानावर."

संध्याकाळपर्यंत फंक्शनमधल्या त्या चारही 'हो-नाही'ना, कुठलं कशासाठी हे सांगणारी नावं मिळाली. बेचाळिसाव्या पानाची गरजच उरली नाही.