इनासबाचे तीन मुके दिवस

बसा आणि ऐका. फार फार वर्षं झाली या गोष्टीला. वसईच्या खाडीकडे खारभाट म्हणून ख्रिस्ती लोकांची एक वाडी आहे. तिथे तेव्हा इनासबा नावाचा एक माणूस राहत होता. लोकांच्या केळीला पाणी घालायचं, पानवेली बांधायच्या, हे त्याचं काम. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. लहानपणी एका म्हाताऱ्या पाद्रीने त्याला अक्षरं शिकवली होती, आणि सगळ्या वाडीत वाचता येणारा तो एकटाच.

रोज उजाडलं की इनासबा दारोदार जायचा. आज कुठल्या संताचा सण आहे ते सांगायचा, आणि पुस्तकातलं त्या दिवशीचं शुभवर्तमान, म्हणजे येशूची गोष्ट, आपल्या बोलीत सांगायचा. सांता लुजीच्या दिवशी, ती डोळ्यांची राखणदारीण म्हणून, अंधूक दिसणाऱ्या म्हाताऱ्यांच्या ओटीवर जरा जास्त वेळ बसायचा. लोकांनी मिरची लावली ती सान मार्तीनच्या दिवशी, आणि गाय व्याली ती सान बस्त्यावच्या आदल्या दिवशी. तारखा कुणालाच ठाऊक नव्हत्या. मूल जन्मलं की बाप आधी इनासबाला विचारायचा, आणि त्या दिवसाच्या संताचं नाव मुलाला मिळायचं. चाळीस वर्षांत त्याचा एकही दिवस चुकला नाही, असं म्हणतात.

मग गाठीच्या तापाची साथ आली. आधी उंदीर मेले, मग माणसं पडायला लागली. वाडीचा पुढारी कायतान. त्याने खाडीपलीकडच्या खाजणात, खाऱ्या दलदलीच्या रानात, झावळ्यांच्या झोपड्या उभारल्या. ज्याला ताप आला त्याला तिकडे न्यायचं, असं ठरलं. कायतानची स्वतःची विधवा बहीण लुजीबाय, तिलाही त्याने तिकडेच पोचवलं. नेणारे लांबूनच माघारी यायचे. तिथे आत जायचा तो एकटा इनासबा. सकाळी वाडीत सण सांगून झाला की तो पेजेचं मडकं घेऊन खाजणात जायचा, आजाऱ्यांना पाणी पाजायचा, गेलेल्यांना पुरायचा.

लोक घाबरले. सान बस्त्यावच्या सणाला, म्हणजे साथीपासून राखणाऱ्या संताच्याच दिवशी, कायतानने त्याला वेशीवर थांबवलं.

“इनासबा, उद्यापासून वाडीत येऊ नका, खाजणातच राहा. तुमच्या पायांनी आजार आत येईल.”

इनासबा म्हणाला, “बरं. पण आजचा दिवस कुणाचा ते तुम्हाला कोण सांगणार?”

कायतान वाट अडवून उभाच राहिला.

“मी बांधावरच्या क्रुसापासून सांगेन,” इनासबा म्हणाला. “दारं लावून घ्या हवी तर. कान तेवढे उघडे ठेवा.”

तो बांध वाडीपासून कोसभर लांब. तिथून हाक शेजारच्या मळ्यातही पोचायची नाही. पण दुसऱ्या दिवशी उजाडताना प्रत्येक घरात त्याचा आवाज आला. दाराला अडसर होता, खिडक्यांना गोणपाट होतं, तरी आवाज आला. चुलीपाशी बसलेल्या बाईला वाटलं इनासबा ओटीवर उभा आहे. असं रोज झालं, असं म्हणतात. लोक आत गुडघे टेकून ऐकायचे, आणि दार कुणी उघडायचं नाही.

ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला तेव्हा साथ ओसरली होती. झोपड्यांतले काही वाचले, बरेच गेले. पहिल्या रविवारी लुजीबाय बरी होऊन आपल्या पायांनी चालत परत आली. ती भावाला म्हणाली, “आम्हाला त्याने उठवलं, आता तो स्वतः पडलाय. तिथं त्याच्याजवळ कुणी नाही. चल माझ्यासोबत.”

“दोन दिवस थांबू,” कायतान म्हणाला. “आजार पुरता जाऊ दे.” त्याने बहिणीला एका खोलीत ठेवलं आणि बाहेरून कडी लावली. वाडीच्या काळजीपोटी लावली, आणि वाडीतल्या कुणी त्याला अडवलंही नाही.

सोमवारी पुन्हा आवाज आला. त्या दिवशीचं शुभवर्तमान शेवटच्या न्यायाचं. ‘मी भुकेला होतो. मी परका होतो. मी आजारी होतो आणि तुम्ही माझ्या समाचाराला आलात.’ आवाज खोल गेला होता, पण शब्द न् शब्द कळला. इनासबाला उठताही येत नव्हतं, मग तो क्रुसापर्यंत गेला कसा? तो गेलाच नव्हता, पडल्या जागेवरूनच वाडीभर ऐकू आला, असं म्हणतात.

मंगळवारी आवाज आला नाही. बुधवारी आला नाही. लोक एकमेकांकडे बघत आणि नजर वळवत. गुरुवारी उजाडलं, तरी हाक नव्हती. तेव्हा कायतानने स्वतः कडी काढली, आणि बहीणभाऊ खाजणात गेले.

इनासबा झोपडीत कुशीवर पडला होता, पुस्तक उशाला. पाण्याचं मडकं हाताशी होतं आणि ते तळापर्यंत सुकलेलं होतं. लुजीबाय मडक्याकडे बघत राहिली. कायतानने इनासबाला आपल्या हातांनी उचललं आणि खांद्यावर घेऊन वाडीत आणलं. त्या दिवशी सगळी दारं उघडली.

दफनाला बाहेरून आलेल्या पाद्रीने विचारलं, कुठल्या दिवशी गेला? मंगळवारी, बुधवारी की त्याच पहाटे? ज्याने वाडीला प्रत्येक संताचा दिवस सांगितला, त्याचा दिवस वाडीत कुणालाच सांगता येईना. पाद्रीने दफनाच्या नोंदवहीत ती जागा कोरी ठेवली. कायतान त्यानंतर पुष्कळ वर्षं जगला, पण पुढारी म्हणून पुन्हा कधी बसला नाही. कुणी आजारी पडलं की तो न बोलवता जायचा, पाणी भरून ठेवायचा आणि दाराशी बसून राहायचा.

खारभाटात आजही पाळीपाळीने एकेका घरातलं माणूस उजाडताना बांधावरच्या क्रुसाशी जातं, त्या दिवसाचा संत सांगतं, वचन वाचतं. उपवासकाळाच्या पहिल्या सोमवारी पाळी कायतानच्या घराची असते. पुढचे तीन दिवस क्रुसाशी कुणी बोलत नाही. त्या तीन दिवसांत माणसं पेज आणि पाणी घेऊन आजाऱ्यांच्या घरी जातात. वैर असलं तरी जातात.

शुक्रवारी पुन्हा वाचन सुरू होतं, आणि ते जुन्या क्रमाप्रमाणेच होतं. आजार बरा करणाऱ्या तळ्याकाठी अडतीस वर्षं पडून राहिलेल्या आजाऱ्याची ती गोष्ट. इनासबा गेला त्या वर्षीच्या शुक्रवारी ती लुजीबायने पाठ सांगितली होती, ऐकून ऐकून तिला येत होती. तो आजारी माणूस प्रभू येशूला म्हणतो, ‘महाराज, मला पाण्यात सोडायला माझं कुणी माणूस नाही.’ लुजीबायला त्याच्यापुढे सांगवेना. आता वाचणारा मुद्दाम तिथे थांबतो, आणि सगळी वाडी खाजणाकडे तोंड करून काही वेळ उभी राहते.