बागुलबुवाचा घास

एका राज्यात राजा न्यायी होता, विहिरी भरलेल्या होत्या, पण मुलं जेवायला फार छळत. मग भर दुपारी घराघरांतून आया ओरडत, "जेव मुकाट्यानं, नाहीतर बागुलबुवा येईल!" त्याला कधी कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून त्याचं नाव घ्यायला कुणाला काही वाटत नसे.

एके दिवशी राजकन्या मंजुघोषेनं दोडक्याची भाजी पाहून ओठ घट्ट मिटले. राणी कुंदप्रभा आधीच वैतागलेली. एका दमात ती तीनदा म्हणाली, "बागुलबुवा, घेऊन जा रे हिला!"

आणि तो आला की हो! ताडासारखा उंच, अंगभर काळे केस, खांद्याला झोळी. "जशी आज्ञा, राणीसाहेब," असं म्हणून त्यानं राजकन्येला झोळीत घातलं आणि तो खिडकीतून नाहीसा झाला. राणीनं टाहो फोडला. सेनापती तलवार शोधत बसला.

खिडकीतली साळुंकी म्हणाली, "राणी, तीनदा बोलावलंस, आता तीन कामं कर. नदी ओलांड, डोंगर उघड, झोळीची गाठ सोड. सूर्य मावळला, तर ती गाठ कायमची बसेल."

लेक उपाशी असेल म्हणून राणीनं पदरात भाकरी बांधली आणि ती अनवाणी धावत सुटली.

नदी म्हणाली, "लेकीला मारलेली एक थाप कबूल कर. तरच वाट देईन."

राणी लाजली. "शेवटचा लाडू उंदरानं नेला नव्हता. मीच खाल्ला."

नदी खळखळून हसली आणि दुभंगली.

डोंगर म्हणाला, "लेकराला भीती घालतेस. तुला कशाची भीती वाटते, ते सांग."

"माझी मंजू मला पुन्हा दिसणार नाही, याची," असं म्हणून राणी ढसाढसा रडली. डोंगर उघडला.

आत बागुलबुवा मुसमुसत बसला होता. मांडीवरच्या झोळीतून राजकन्या त्याला दटावत होती, "रडू नकोस रे!"

राणीनं गाठ ओढली. सुटेना. दातांनी ओढली. तरी सुटेना.

"ती मलाही सुटत नाही, राणीसाहेब," बागुलबुवा म्हणाला. "मी राजवाड्यातला आचारी होतो. धूम्रकेश जादूगार भुकेला आला, त्याला मी पंगतीतून उठवलं. त्यानं शाप दिला, जेवणाच्या वेळी घरोघर तुझं नाव निघेल, पण घास कुणी देणार नाही. शंभर वर्षं झाली. मला 'जेव' म्हणून कुणी म्हणत नाही."

बाहेर ऊन कलत होतं. राणीला स्वतःचीच लाज वाटली. तिनं तिथंच मांडी घातली आणि भाकरी मोडली.

"हा घास चिऊचा," ती म्हणाली. "हा घास काऊचा. आणि हा बागुलबुवाचा. आ कर."

त्यानं भलंमोठं तोंड उघडलं. घास पोटात गेला मात्र, सगळे केस गळून पडले आणि राणीपुढं एक हाडकुळा, टकला आचारी हात जोडून उभा राहिला. गाठ आपोआप सुटली. राजकन्या बाहेर आली, आईच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "आई, याला अजून दे. आणि मलाही."

तेव्हापासून त्या राज्यातल्या आया बाळाला भरवताना तिसरा घास बागुलबुवाच्या नावानं काढतात. मुलं आधी तोच मागतात.